ई-कॅडहेरिनची मोनोक्लोनल अँटीबॉडी: क्लोन बदलला आणि निकालही बदलला

पेशीवेडी
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. विषय किचकट आहे, पण इथे लॅबवाले बरेच दिसतात म्हणून धाडस करतेय.

मी खारघरला राहते, पीएचडीही नवी मुंबईतच चालू आहे. काम तोंडाच्या कर्करोगावर. तंबाखू, गुटखा, सुपारी यांच्या कृपेने आपल्याकडे गालाच्या आतल्या कर्करोगाच्या नमुन्यांना तोटा नाही, हे वेगळं सांगायला नको. ऊती पॅराफिनमध्ये (मेणात) बसवलेल्या ब्लॉकमधून चार मायक्रॉनचे सेक्शन (पातळ काप) कापून, ते अँटीबॉडीने रंगवून त्यांवर ई-कॅडहेरिन बघतेय. अस्तराच्या पेशी एकमेकींना धरून असतात त्या या प्रथिनाच्या जोरावर. गाठ आजूबाजूला घुसायला लागली की ते बऱ्याचदा कमी होतं. निरोगी अस्तरात प्रत्येक पेशीभोवती तपकिरी रेघ दिसायला हवी. गाठीच्या पुढच्या कडेला ती रेघ किती फिकी पडते, एवढंच मला मोजायचंय.

आतापर्यंत एचईसीडी-१ हा क्लोन, म्हणजे या प्रथिनाला चिकटणारी एका ठरावीक पेशी-वसाहतीची अँटीबॉडी, वापरत होते. ती कुपी संपली. डीलरने "तेच प्रथिन, मोनोक्लोनलच, काही फरक नाही" असं म्हणत क्लोन ३६ गळ्यात मारला. चाळीसेक हजार गेले. आता त्याच ब्लॉकच्या शेजारशेजारच्या सेक्शनवर दोन भानगडी दिसताहेत. एक, गाठीच्या कडेला जुन्या क्लोनने रेघ जवळपास गायब होती, नव्याने ती चक्क ठळक येते. दोन, अस्तराच्या अगदी तळाच्या थरात रेघेऐवजी अख्ख्या पेशीच तपकिरी दिसतात, आणि खालच्या संयोजी ऊतीतही मधूनच एखादी तपकिरी पेशी. हे जुन्या क्लोनलाही थोडं होतं, पण आता जास्त डोळ्यांत भरतंय.

पद्धत नेहमीचीच: पॅराफिन उतरवणं, सायट्रेट बफर पीएच ६ मध्ये ९५ अंशांवर २० मिनिटं, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, बीएसए (नको तिथे चिकटणं रोखणारं प्रथिन), प्रायमरी (ई-कॅडहेरिनला चिकटणारी अँटीबॉडी) रात्रभर ४ अंशांवर, मग पॉलिमर एचआरपी (प्रायमरीला चिकटणारी सेकंडरी, सोबत एन्झाइम), डॅब (त्या एन्झाइमने तपकिरी होणारं रसायन) आणि हिमॅटॉक्सिलिन (केंद्रकांना निळा रंग).

गाइड म्हणतात, मोनोक्लोनल आहे ना, मग ठेव विश्वास. शेजारच्या बाकावरचा म्हणतो, कुपी बाद आहे, परत कर. ग्रँट मार्चला संपतेय. कोणाचं ऐकू?

घोडबंदर_रोड
गाइडचं ऐक. मोनोक्लोनल म्हणजे एकाच बी पेशीची संतती, सगळे रेणू एकसारखे, एकच एपिटोप (प्रथिनाचा छोटासा भाग) धरणारे. पॉलिक्लोनलसारखी अनेक अँटीबॉडींची खिचडी नसते. तळाचा थर तपकिरी येतोय म्हणजे डॅब जास्त वेळ राहिलंय. अँटीबॉडी १:१०० विरळ असेल तर १:४०० कर आणि पुढे चल.

तुर्भे_नाका
वाचतेय. मार्च एंडचं दुःख वैश्विक आहे.

जुना_मायक्रोटोम
परळला एका हॉस्पिटलच्या हिस्टोपॅथॉलॉजीत जन्म गेला, आता निवृत्त होऊन नौपाड्यात पेपर वाचतो. पोरी, क्लोनचं नंतर बघू. आधी मला सांग, प्रायमरी न लावलेली स्लाइड कुठे आहे? आणि काहीच न लावलेली, नुसती हिमॅटॉक्सिलिन केलेली? त्या दोन बघितल्याशिवाय मी कुणाच्याही तपकिरी रंगावर मत देत नाही. मला एक शंका आहे, पण तू स्लाइड बघून आलीस की बोलतो.

रबाळेकर
घोडबंदर, "एकच एपिटोप" इथपर्यंत बरोबर. "म्हणून एकच प्रथिन" ही उडी मात्र तुमची. मी याच धंद्यात आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

१९७५ साली केंब्रिजला जॉर्ज कोलर आणि सेझार मिल्स्टाइन यांनी उंदराच्या बी पेशी आणि मायलोमाच्या पेशी एकत्र जुळवल्या. बी पेशीला अँटीबॉडी बनवता येते पण ती डिशमध्ये फार दिवस जगत नाही. मायलोमाची पेशी अमर, पण तिच्यात एक एन्झाइम नसतं, त्यामुळे एचएटी नावाच्या माध्यमात ती मरते. त्या माध्यमात टिकतो तो फक्त दोघींचा संकर, म्हणजे हायब्रिडोमा. मग एका खळग्यात एकच पेशी पडेल इतकं विरळ करून तिची वसाहत वाढवायची. ती वसाहत म्हणजे क्लोन. दोघांना १९८४ चं नोबेल मिळालं, सोबत नील्स येर्ने. शोधाचं पेटंट मात्र घेतलं गेलं नाही, आणि आमची अख्खी इंडस्ट्री त्यावर उभी आहे.

आता मुद्दा. अँटीबॉडी अख्खं प्रथिन ओळखत नाही. सरळ साखळीतला एपिटोप असेल तर तो जेमतेम पाच ते आठ अमिनो आम्लांचा असतो. माणूस न ओळखता त्याच्या शर्टाचं बटण ओळखणारा पहारेकरी समजा. तसंच बटण दुसऱ्याच्या शर्टावर असलं तर तो त्यालाही तितक्याच निष्ठेने धरणार. मोनोक्लोनल असल्याने ही चूक प्रत्येक कुपीत अगदी सारखीच होते, म्हणून ती खरी वाटते. एकसारखेपणा आणि अचूकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उदाहरण हवं असेल तर ईस्ट्रोजेन रिसेप्टर बीटाचं घ्या. हे प्रथिन १९९६ मध्ये सापडलं. स्तनाच्या कर्करोगात ते असतं की नसतं यावर पुढची वीसेक वर्षं ढिगाने पेपर आले, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. २०१७ मध्ये स्वीडनमधल्या एका गटाने १३ अँटीबॉडी घासूनपुसून तपासल्या. सगळ्या कसोट्यांना उतरली ती एकच, पीपीझेड०५०६, आणि ती फारशी कुणी वापरतच नव्हतं. नापास झालेल्यांत मोनोक्लोनलही होत्या. त्या एका अँटीबॉडीने पाहिलं तर स्तनाच्या ऊतीत हे प्रथिन दिसलंच नाही.

घोडबंदर_रोड
रबाळेकर, हे अपवाद झाले. असे चार किस्से सांगून सगळ्या मोनोक्लोनलना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. रोज हजारो रुग्णांचे रिपोर्ट याच अँटीबॉडींवर निघतात.

मीठभाकर
मी लॅबवाली नाही, सीवूड्सला राहणारी गृहिणी आहे. वहिनीच्या बायॉप्सीच्या रिपोर्टमध्ये "आयएचसी" म्हणून ईआर, पीआर, हर२, केआय-६७ असं लिहिलं होतं. ते हेच का? मग हे सगळं वाचून घाबरायचं का?

रबाळेकर
ताई, तंत्र हेच (इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे अँटीबॉडीने ऊती रंगवणं), पण घाबरू नका. रिपोर्टसाठी वापरतात ते क्लोन वर्षानुवर्षं हजारो ऊतींवर तपासलेले असतात. ऊती फॉर्मॅलिनमध्ये किती तास ठेवायची यालाही नियम आहे. ईआर, पीआर, हर२ या स्तनाच्या कर्करोगात तपासायच्या प्रथिनांसाठी ६ ते ७२ तास. चांगल्या लॅबमध्ये रुग्णाच्या सेक्शनबरोबर माहितीतल्या ऊतीचाही सेक्शन रंगवतात, तो बरोबर आला तरच रिपोर्ट निघतो. आम्ही इथे बोलतोय ते "फक्त संशोधनासाठी" असा शिक्का असलेल्या कुप्यांबद्दल. तिथे तपासणीचं ओझं विकत घेणाऱ्यावर असतं, आणि विकत घेणारा बहुधा घाईत असलेला पीएचडीचा विद्यार्थी असतो.

घोडबंदर, हजारो रिपोर्टांचं तुमचं म्हणणं खरंच आहे, पण ते माझ्याच बाजूचं आहे. ते रिपोर्ट विश्वासाचे आहेत ते तपासलेल्या क्लोनमुळे. नुसतं "मोनोक्लोनल" म्हणून नव्हे.

जुना_मायक्रोटोम
केआय-६७ चा विषय निघाला म्हणून सांगतो. १९८३ साली जर्मनीत कील शहरात तो मूळ क्लोन निघाला. विभागणाऱ्या पेशी छान दाखवायचा, पण फक्त फ्रोझन सेक्शनवर. पॅराफिनवर लावला की ठार आंधळा. कारण फॉर्मॅलिन प्रथिनांमध्ये आडवे सांधे घालतं, त्यात एपिटोप झाकला जातो. मग १९९१ मध्ये सेक्शन द्रावणात उकळून एपिटोप उघडा करायची युक्ती आली, आणि पाठोपाठ एमआयबी-१ हा त्याच प्रथिनाचा दुसरा क्लोन आला. तो मायक्रोवेव्ह केलेल्या पॅराफिनवर झकास चालतो. आज जगभर रिपोर्टमध्ये आकडा येतो तो बराचसा त्याच्यावर. प्रथिन तेच, क्लोन वेगळा, नशीब वेगळं.

आमच्याकडे सुरुवातीला घरगुती प्रेशर कुकर होता. सायट्रेटमध्ये स्लाइड, पूर्ण दाब आल्यावर दोन-तीन मिनिटं. मामा लोक विचारायचे, "सर, आज डाळ कसली?" आज लॅबमध्ये डिजिटल यंत्रं आहेत, पण मला अजून कुकरचाच रंग समसमान वाटतो. पोरी, सेक्शन पॉझिटिव्ह चार्ज्ड स्लाइडवर घेतेस ना? नाहीतर उकळताना अर्धी ऊती बफरमध्ये पोहायला लागते.

पेशीवेडी
काका, मीठभाकर ताई, सगळ्यांचे आभार. स्लाइड केल्या.

प्रायमरी न लावलेली: तळाचा थर तपकिरी! खालच्या त्या सुट्या पेशीही तपकिरी.
नुसती हिमॅटॉक्सिलिन, डॅबसुद्धा नाही: तरीही तपकिरी!!

आता मात्र चक्रावले. अँटीबॉडी नाही, एन्झाइम नाही, डॅब नाही, मग रंग कुठून?

जुना_मायक्रोटोम
मेलॅनिन. हीच शंका होती. आपल्या लोकांच्या हिरड्यांत आणि गालाच्या आत रंगद्रव्य असतं, धूम्रपान करणाऱ्यांत आणखी वाढतं. तळाच्या थरात बसतं, आणि तिथून सांडलेलं खाली भक्षक पेशी गिळून बसतात. संयोजी ऊतीतल्या तुझ्या सुट्या पेशी त्याच. गोऱ्या लोकांच्या ऊतीवर लिहिलेल्या प्रोटोकॉलमध्ये ही भानगड ठळक लिहिलेली नसते. डॅब तपकिरी, मेलॅनिनही तपकिरी. मोठ्या भिंगाखाली मेलॅनिनचे कण सुटे दिसतात, डॅबचा रंग पसरट येतो, पण मोजणीच्या सॉफ्टवेअरला हे कुठे कळतंय?

दोन मार्ग. एक, डॅबऐवजी एईसी वापर, त्याचा रंग लाल येतो. दोन, डॅबच ठेव पण हिमॅटॉक्सिलिनऐवजी गिम्सा कर, मेलॅनिन हिरवट निळं दिसतं आणि डॅब तपकिरीच राहतं. ब्लीचिंगचंही लोक करतात, पण त्याने एपिटोपही बिघडू शकतो, मी त्या वाटेला कमीच गेलो.

तुर्भे_नाका
हे भारी आहे! वाचनखूण साठवली.

घोडबंदर_रोड
काकांना दंडवत. तळाच्या थराचं डॅबवर ढकललं होतं ते मागे घेतो. पण मग अँटीबॉडी निर्दोष सुटली की!

रबाळेकर
अर्ध्या आरोपातून. गाठीच्या कडेचं भांडण अजून बाकी आहे, आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

पेशीवेडी, आधी सांगा, दोन्ही क्लोन "१:१००" ने लावताय का? कुपीतली मूळ तीव्रता प्रत्येक कंपनीची वेगळी असते. एका कुपीत मिलिलिटरला २०० मायक्रोग्रॅम आणि दुसरीत १००० असतील तर १:१०० म्हणजे एकीकडे २ आणि दुसरीकडे १० मायक्रोग्रॅम. ती तुलनाच होत नाही. दोन्ही मायक्रोग्रॅममध्ये सारख्या पातळीवर आणा, मग खाली-वर करून बघा. आणि आयसोटाइप कंट्रोलही (त्याच वर्गाची, पण ई-कॅडहेरिनला न चिकटणारी अँटीबॉडी) तसाच जुळवा. एचईसीडी-१ हा आयजीजी१ आहे, क्लोन ३६ हा आयजीजी२ए. दोन्हींना एकच कंट्रोल लावून चालणार नाही. शिवाय ई-कॅडहेरिनच्या बऱ्याच क्लोनना सायट्रेटपेक्षा पीएच ९ चं ट्रिस-ईडीटीए जास्त मानवतं, तेही एकदा शेजारी ठेवून पाहा.

एवढं करूनही फरक राहिला तर खरी मजा. एचईसीडी-१ पकडतो ई-कॅडहेरिनचा पेशीबाहेरचा भाग. क्लोन ३६ बनवला होता पेशीच्या आतल्या शेपटीच्या तुकड्यावर. आता, गाठींमध्ये काही प्रोटिएज हे प्रथिन पडद्याच्या अगदी बाहेर कापतात. बाहेरचा सुमारे ८० किलोडाल्टनचा तुकडा सुटून निघून जातो, शेपटी पडद्यातच राहते. मग बाहेरच्या भागाचा क्लोन म्हणणार "प्रथिन गेलं", आतल्या भागाचा म्हणणार "आहे की!" दोघंही खरं बोलत असू शकतात. तुमच्या गाइडना सांगा, जुना डेटा टाकून नवा घेण्यात कदाचित तुम्ही पेपरमधली सगळ्यात चांगली आकृतीच टाकून द्याल.

पेशीवेडी
अंगावर काटा आला वाचून! म्हणजे कुपी बाद नाही, गाइड बरोबर नाहीत, आणि शेजारचाही बरोबर नाही. पण हे सिद्ध कसं करायचं? ही जुळवाजुळव पटणारी आहे, पण म्हणून खरी आहे असं नाही.

रबाळेकर
हे वाक्य थीसिसमध्ये लिहा :)

वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटीबॉडीने ओळखणं. अख्खं प्रथिन साधारण १२० किलोडाल्टनला दिसतं. शेपटीचा उरलेला तुकडा ३८ च्या आसपास, आणि तो फक्त क्लोन ३६ ला दिसायला हवा. पॅराफिनमधून धड ब्लॉट होत नाही, त्यामुळे त्याच रुग्णांचे गोठवलेले तुकडे असतील तर ते घ्या. पण त्याआधी दोन्ही क्लोन मुळात खरे आहेत का ते ठरवा. त्यासाठी एमसीएफ-७ आणि एमडीए-एमबी-२३१ या लॅबमध्ये वाढवतात त्या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी पुरेत. पहिलीत ई-कॅडहेरिन भरपूर, दुसरीत जीन मिथायलेशनने गप्प झालेला, म्हणून प्रथिन नाही. २३१ मध्ये ज्या क्लोनने रंग दिला तो खोटारडा. सगळ्यात कडक कसोटी म्हणजे एमसीएफ-७ मधूनच सीडीएच१ हा ई-कॅडहेरिनचा जीन क्रिस्परने (जीन कापायच्या तंत्राने) काढून टाकायचा आणि रंग जातो का पाहायचं. ओळखीत कुणाकडे तशी लाइन असेल तर मागून घ्या.

जुना_मायक्रोटोम
यात एक भर. त्या पेशी काचेच्या स्लाइडवर वाढवून तपासू नकोस. तुझ्या ऊतीने जे भोगलंय ते त्यांनीही भोगायला हवं. फ्लास्कमधल्या पेशी खरवडून सेंट्रिफ्यूज कर, वरचं पाणी काढ, गोळी १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये ठेव, तुझे ब्लॉक जितके तास होते तितकेच तास. मग २ टक्के आगारोज कोमट असताना गोळीवर सोड, गोठलं की टोकदार ट्यूबमधून हलकेच ठोकून काढ. वाटाण्याएवढी बोंडी निघते. ती कॅसेटमध्ये घालून ऊतीसारखीच प्रोसेस कर. दोन्ही पेशींच्या बोंड्या एकाच ब्लॉकमध्ये शेजारी बसव. एकाच सेक्शनमध्ये हो आणि नाही दोन्ही मिळतात, आणि असा ब्लॉक वर्षानुवर्षं पुरतो. दर बॅचला तुझ्या स्लाइडबरोबर एक स्लाइड याची.

कळवा_पूल
चांगला धागा चाललाय, त्यात माझंही घोडं दामटतो. ठाण्यात एका छोट्या लॅबमध्ये आहे. आम्ही उंदरात मानवी गाठ वाढवून तिचे सेक्शन करतो. एचईसीडी-१ लावला की गाठीभोवतीची उंदराची ऊतीही तपकिरी होते. क्लोन तर फक्त मानवी प्रथिन ओळखतो असं लिहिलंय. मेलॅनिन नाही, पांढरे उंदीर आहेत.

रबाळेकर
तुमचा गुन्हेगार सेकंडरी. ती उंदराची अँटीबॉडी शोधते, आणि उंदराच्या ऊतीत उंदराच्या स्वतःच्या अँटीबॉडी बहुधा असतात. अँटीबॉडीच्या फॅब तुकड्यांनी त्या आधी झाकून टाकायचे किट मिळतात, पण सोपा मार्ग म्हणजे सशाची मोनोक्लोनल. २४ई१० हा ई-कॅडहेरिनचा क्लोन सशाचाच आहे, मात्र तो मानव आणि उंदीर दोघांचं ई-कॅडहेरिन धरतो, हे लक्षात असू द्या. फक्त मानवी पेशी दाखवायच्या असतील तर सशाचाच, पण मानवापुरता मर्यादित असलेला क्लोन शोधावा लागेल.

कळवा_पूल
धन्यवाद. अवांतर: परदेशातून मागवलेली कुपी आमच्याकडे आली तेव्हा डब्यातले जेल पॅक पूर्ण पाणी झालेले. कुठे अडकली होती देव जाणे. डीलर म्हणतो, "सर, चालतं." खरंच चालतं?

रबाळेकर
डीलरचा निष्काळजीपणा वेगळा, त्याबद्दल त्याला झापाच. पण आयजीजी रेणू बऱ्यापैकी चिवट असतो, एक-दोन दिवस गार नसला म्हणून लगेच मरत नाही. खरा शत्रू म्हणजे पुन्हा पुन्हा गोठवणं-वितळवणं, आणि आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती पद्धतीचा फ्रीजर. आल्या आल्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून ठेवा. आणि फेकायच्या आधी माहितीतल्या ऊतीवर लावून बघा, तिला विचारा चालते का, डीलरला नको.

घोडबंदर_रोड
आता माझी शंका, खोचक नाही. दरवेळी इतकं सगळं करायचं तर संशोधन कधी करायचं?

रबाळेकर
रास्त प्रश्न. सगळं काम आपण एकट्याने करायची गरज उरलेली नाही. २०२३ मध्ये वायकॅरॉस नावाच्या खुल्या प्रकल्पाने ६५ प्रथिनांसाठीच्या ६१४ विकाऊ अँटीबॉडी, जीन काढून टाकलेल्या पेशींवर तपासल्या. बऱ्याच प्रथिनांना एकतरी चांगली अँटीबॉडी बाजारात आहे असं निघालं, आणि त्याच वेळी नापास अँटीबॉडी वापरलेले पेपरही खंडीभर सापडले. रिकॉम्बिनंट, म्हणजे जिचा जनुकक्रम माहीत असून त्यावरून बनवलेली, तिचा निकाल एकंदरीत सरस होता. हायब्रिडोमाच्या पेशी बदलतात, मरतात, काही तर एकापेक्षा जास्त साखळ्या बनवतात. जनुकक्रम हातात असला की हे टळतं. मात्र ती तपासणी ब्लॉट, इम्युनोप्रेसिपिटेशन आणि पेशींवरची होती. तुमच्या पॅराफिनवर चालेल की नाही ते तुम्हालाच बघायचंय, त्यातून सुटका नाही. निदान पेपरमध्ये कंपनीच्या नावासोबत क्लोन, कॅटलॉग क्रमांक, लॉट आणि आरआरआयडी (अँटीबॉडीचा ओळख क्रमांक) लिहा, म्हणजे पुढच्याला कळेल तुम्ही नेमकं काय लावलं होतं.

घोडबंदर_रोड
+१. हे पटलं. "अँटी ई-कॅडहेरिन, माउस मोनोक्लोनल" एवढंच लिहिलेले पेपर मीही बघितलेत. लिहिलेतही, जाऊ दे.

पेशीवेडी
अपडेट. क्लोन ३६ परत करत नाहीये. एचईसीडी-१ ची ऑर्डर दुसऱ्या डीलरकडे टाकली, सहा आठवडे सांगतोय. तोवर दोन पेशींचा ब्लॉक झाला. क्लोन ३६ दोन मायक्रोग्रॅमवर: एमसीएफ-७ ला सुरेख रेघा, २३१ कोरी. दहा मायक्रोग्रॅमवर २३१ ला धूसर तपकिरी छटा येते, म्हणजे दहावर जायचंच नाही. ट्रिस-ईडीटीएने रेघ जास्त स्वच्छ आली. गाइडना दाखवलं, ते "हं" म्हणाले आणि ब्लॉटसाठी गोठवलेले तुकडे शोधायला परवानगी दिली. त्यांच्याकडून "हं" येणं म्हणजे खूप आहे.

एईसी मागवलीये. काका, काही पथ्य?

जुना_मायक्रोटोम
आहे. एईसीनंतर अल्कोहोल नाही, झायलीन नाही, डीपीएक्स तर नाहीच. सगळा लाल रंग धुऊन जाईल. पाण्यातला माउंटंट (वरची काच चिकटवायचं माध्यम) किंवा ग्लिसरीन जेली घे. आणि फोटो लगेच काढून ठेव, एईसी डॅबसारखी वर्षानुवर्षं टिकत नाही. हिमॅटॉक्सिलिनही निवडताना अल्कोहोलवालं नको, मेयरचं घे.